यादीत सगळं पास: एका फाउंड्रीतलं ‘स्टेटस’ आणि ब्राउझरचा ग्लोबल ऑब्जेक्ट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, फायनल इन्स्पेक्शनचं टेबल फेटलिंग शॉपला (ओतलेल्या भागाचा जादा धातू काढतात त्या विभागाला) लागून आहे. शॉट ब्लास्टिंगनं (बारीक छऱ्यांच्या माऱ्यानं) साफ झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तिथं येतं. इन्स्पेक्टर ते फिरवून बघतो, कडकपणा मोजतो आणि टेबलावरच्या संगणकात नोंद करतो. ब्लो होल (वायूमुळं पडलेलं भोक), सँड इन्क्लूजन (आत अडकलेली वाळू), मिसमॅच (साच्याचे दोन भाग न जुळणं) असं काही आढळलं तर कास्टिंगवर लाल रंगाचा पट्टा ओढतात आणि नोंदीत दोष लिहितात. नोंदीसाठी एक साधं वेब पान आहे. फाइलवर डबल क्लिक केलं की ते ब्राउझरमध्ये उघडतं. पाळी संपली की त्याच पानावरून डिस्पॅचची यादी आणि लेबलं छापली जातात.

एका सकाळी डिस्पॅचला बसणाऱ्या मामांनी गाडी भरता भरता थांबवली. यादीत ‘पास’ लिहिलेल्या बऱ्याच कास्टिंगवर लाल पट्टा होता. पान तयार करणाऱ्या मुलीला त्यांनी बोलावून घेतलं. “ताई, तुमची यादी म्हणती पास आणि रंग म्हणतोय रिजेक्ट. मी कुणाचं ऐकू?” त्यांनी रंगाचं ऐकलं आणि माल गेला नाही, हे फार बरं झालं. ब्लो होल असलेलं कास्टिंग गिऱ्हाइकाकडे पोचलं की त्याच्यावर मशीनिंग होतं, आणि कातकाम झाल्यावर आतलं भोक उघडं पडतं. मग कास्टिंगची किंमत तर जातेच, मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोटही फाउंड्रीच्या दारात येते.

पान लिहिणारी मुलगी क्वालिटी विभागातली. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, जावास्क्रिप्ट ही वेब पानांची प्रोग्रॅमिंग भाषा स्वतःच्या जोरावर शिकलेली. तिनं मला बोलावलं तेव्हा तिचा कोड मी वाचला. तो नीटनेटका होता, नावं समजतील अशी होती, आणि तर्कात कुठंही चूक नव्हती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. ग्लोबल ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे वर्गात एका व्याख्येत उरकतं. इथं तो एका चांगल्या कोडला कसा नडला आणि तो दिसत का नव्हता, ते पायरीपायरीनं बघता येतं. (कोड इथं देवनागरीत दिला आहे. ‘व्हार’ नाव घोषित करतं, ट्रू म्हणजे खरं, फॉल्स म्हणजे खोटं, आणि ‘का’ म्हणजे एक कास्टिंग. करून बघताना भाषेचे शब्द आणि स्टेटस, नेम, टॉप ही नावं मूळ इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करावीत.)

मुख्य भाग असा होता:

व्हार स्टेटस = ट्रू;

फंक्शन तपासणी(का) {
  स्टेटस = ट्रू;
  इफ (का.कडकपणा < का.किमान) स्टेटस = फॉल्स;
  इफ (का.कडकपणा > का.कमाल) स्टेटस = फॉल्स;
  इफ (का.दोष) स्टेटस = फॉल्स;

  इफ (स्टेटस) यादीत_लिही(का, "पास");
  एल्स यादीत_लिही(का, "रिजेक्ट");

  इफ (स्टेटस === ट्रू) पास_संख्या++;
  इफ (स्टेटस === फॉल्स) रिजेक्ट_संख्या++;
}

कागदावर वाचा, कितीही वेळा वाचा, हे बरोबरच दिसतं.

सगळ्यांचा पहिला संशय नोंदीवर गेला. इन्स्पेक्टर घाईत दोषाचा रकाना रिकामा सोडत असतील, असं ऑफिसचं म्हणणं. तसं नव्हतं, साठवलेल्या नोंदीत दोष होते. दुसरा संशय कडकपणाच्या मर्यादांवर, कारण ब्रिनेलचे (कडकपणा मोजण्याच्या पद्धतीचे) आकडे वेगवेगळ्या ग्रेडला वेगवेगळे असतात. पण मुलीनं त्याच्या पुढचं पाऊल आधीच टाकलेलं होतं. तिनं तपासणीचा हा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून टर्मिनलवर नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात, चालवला. तिथं सदोष कास्टिंग रिजेक्ट येत होतं, चांगलं पास येत होतं. तोच कोड, तीच माहिती, नोडमध्ये बरोबर आणि ब्राउझरमध्ये चूक. अशा वेळी लोक बहुधा ब्राउझर बदलून बघतात. तिनं तेही केलं होतं. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये सारखंच.

माझं लक्ष गेलं ते यादीच्या तळाशी. तिथं एकूण पास आणि एकूण रिजेक्ट छापले जात होते. पास शून्य, रिजेक्टही शून्य. वर सगळी कास्टिंग पास, आणि खाली पास झालेलं एकही नाही. हा आकडा आधीही तसाच छापला जात असणार, पण यादीच्या तळाची बेरीज कोण वाचतं? आम्हाला मात्र त्या बेरजेनंच दिशा दाखवली. स्टेटसचं मूल्य ट्रू असेल तर पहिली मोजणी वाढायला हवी, फॉल्स असेल तर दुसरी. दोन्ही वाढत नाहीत, याचा अर्थ तिथं ट्रूही नाही आणि फॉल्सही नाही. तिसरंच काहीतरी आहे, आणि ‘इफ’ला ते खरं वाटतं.

“सर, पण कन्सोलला तर फॉल्सच येतंय. मग पास का लिहायलंय?” असं म्हणून मुलीनं कन्सोल (ब्राउझरमधली कोडचे संदेश दाखवणारी जागा) उघडून दाखवलं. खरोखरच फॉल्स छापलेलं होतं. हा टप्पा फसवा आहे, इथं थोडं थांबू. कन्सोल.लॉग एकट्या स्ट्रिंगला अवतरणचिन्हांशिवाय छापतं. त्यामुळं फॉल्स हे बूलियन (खरं-खोटं सांगणारं) मूल्य आणि ‘फॉल्स’ ही अक्षरांची स्ट्रिंग, दोन्ही पडद्यावर अक्षरशः सारखी दिसतात. फरक असतो तो फक्त रंगाचा, आणि तो ठाऊक नसेल तर डोळ्याला जाणवत नाही. मी तिला मूल्याचा प्रकार सांगणारं टाइपऑफ लावायला सांगितलं. उत्तर आलं: स्ट्रिंग.

पाच अक्षरांची भरलेली स्ट्रिंग. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगपैकी फक्त रिकामी स्ट्रिंग खोटी धरली जाते. बाकी कुठलीही स्ट्रिंग, तिच्यात ‘फॉल्स’ लिहिलेलं असलं तरी, खरी. म्हणून यादीत सगळं पास. आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की स्ट्रिंग कधीच बूलियनच्या बरोबर होत नाही, म्हणून दोन्ही बेरजा शून्य.

पण कोडमध्ये तर कुठंही स्ट्रिंग टाकलेली नाही. फॉल्स टाकलं, आणि वाचताना ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग बाहेर आली. मधे कुणीतरी रूपांतर केलं. कुणी?

जावास्क्रिप्टचा कोणताही कोड चालू होण्याआधी एक ऑब्जेक्ट, म्हणजे नावं आणि त्यांची मूल्यं (गुणधर्म) ठेवणारी वस्तू, तयार असतो, तो म्हणजे ग्लोबल ऑब्जेक्ट. एखादं नाव फंक्शनच्या आत सापडलं नाही, त्याच्या बाहेरच्या फंक्शनमध्ये सापडलं नाही, असं शोधत शोधत बाहेर यायचं, आणि शेवटी या ऑब्जेक्टच्या गुणधर्मांत ते नाव बघायचं, अशी भाषेची रीत आहे. त्यावरच्या काही गोष्टी भाषेनं स्वतः ठेवलेल्या असतात: ॲरे, ऑब्जेक्ट, मॅथ, जेसन, पार्सइंट. ‘अनडिफाइंड’सुद्धा याच ऑब्जेक्टचा एक गुणधर्म आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. बाकीचं सगळं, भाषा जिथं चालते ते ठिकाण आणून ठेवतं. ब्राउझरमध्ये हा ऑब्जेक्ट म्हणजे विंडो. त्यावर डॉक्युमेंट, लोकेशन, अलर्ट, सेटटाइमआउट तर आहेतच. शिवाय नेम, स्टेटस, टॉप, पेरेंट, लेंग्थ, इव्हेंट, प्रिंट, ओपन, क्लोज, स्टॉप अशी, आपल्या रोजच्या कामात सहज सुचतील अशी नावंही आहेत. नोडमध्ये विंडो नाहीच. तिथल्या ग्लोबल ऑब्जेक्टवर स्टेटस नावाचं काही नाही.

शॉपफ्लोअरच्या दारात सगळ्यांसाठी एकच फळा टांगलेला असतो, आणि त्यावर कंपनीनं आधीच काही रकाने आखून ठेवलेले असतात. ब्राउझरमधली विंडो तशी आहे. आपण मोकळी जागा समजून ‘स्टेटस’ लिहायला जातो, पण त्या नावाचा रकाना तिथं आधीपासून असतो आणि त्यात काय आणि कसं लिहायचं याचे नियम त्याचे असतात.

आता ‘व्हार’ नेमकं काय करतं ते बघा, कारण सगळी गोम इथं आहे. साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्या फंक्शन्सच्या बाहेर ‘व्हार स्टेटस’ लिहिलं, की भाषा आधी बघते, ग्लोबल ऑब्जेक्टवर स्टेटस आहे का? नसेल तर नवा गुणधर्म तयार करते. असेल तर काहीही तयार करत नाही, तक्रारही करत नाही, आहे तोच वापरते. म्हणजे त्या ओळीतून पान लिहिणाऱ्या मुलीचा स्वतःचा असा व्हेरिएबल (मूल्य ठेवायचं नाव) जन्मालाच आला नाही. पुढचं ‘= ट्रू’ थेट विंडोच्या स्टेटसकडे गेलं. आम्ही कन्सोलवर त्याचा प्रॉपर्टी डिस्क्रिप्टर (गुणधर्माचा तपशील) मागवून पाहिला. त्यात ‘व्हॅल्यू’ नव्हतीच. वाचताना चालणारं ‘गेट’ आणि लिहिताना चालणारं ‘सेट’ (सेटर) अशी दोन फंक्शन्स होती. सेटचं काम एवढंच, की जे येईल त्याची स्ट्रिंग करायची आणि ठेवायची. ट्रूची ‘ट्रू’, फॉल्सची ‘फॉल्स’, शून्याचं ‘०’, आणि ॲरे दिला तर त्याचीही स्वल्पविराम घातलेली एक लांब स्ट्रिंग.

स्ट्रिंगच का? याचं कारण इतिहासात आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये ही भाषा बनवली. त्या काळच्या ब्राउझरला खाली एक पट्टी असायची, तिला स्टेटस बार म्हणत. पान कुठवर लोड झालं, माऊसखालची लिंक कुठं जाते, हे तिथं दिसायचं. स्क्रिप्टनं विंडोच्या स्टेटसमध्ये मजकूर टाकला की तो त्या पट्टीत उमटायचा. मग लोकांनी तिथं सरकत्या सूचना लावल्या, आणि काहींनी लिंकचा खोटा पत्ता दाखवायलाही तिचा वापर केला. पुढं ब्राउझरांनी ही सोय बंद केली. आज स्टेटसमध्ये काहीही टाकलं तरी पडद्यावर काही होत नाही. पण गुणधर्म काढून टाकला तर जुनी पानं मोडतील, म्हणून तो राहिला. एचटीएमएलच्या मानकातही तो तसाच नोंदलेला आहे. दिसणारा परिणाम गेला आणि स्ट्रिंग करण्याची सवय उरली. एरवी खालच्या पट्टीत ‘फॉल्स’ उमटलेलं दिसलं असतं आणि प्रकरण पहिल्याच दिवशी उलगडलं असतं.

आता मुलीचा प्रश्न योग्य होता: “आधी बरोबर चालत होतं की. मग आत्ताच का?” आधीच्या आवृत्तीत ‘व्हार स्टेटस’ ही ओळ तपासणी फंक्शनच्या आत होती. फंक्शनच्या आतला व्हार त्या फंक्शनचाच असतो, ग्लोबल ऑब्जेक्टपर्यंत शोध जातच नाही. नंतर लेबल छापण्याची दुसरी फाइल आली. त्या फाइलला निकाल कळायला हवा, म्हणून मुलीनं ती एक ओळ उचलून बाहेर ठेवली. ‘ग्लोबल व्हेरिएबल वापरू नका’ हे तिनं नक्कीच ऐकलं असेल, सगळेच ऐकतात. पण त्या उपदेशात ‘का’ सांगितलेलं नसतं, आणि दोन फाइलींना एक गोष्ट हवी असली की बाहेर ठेवणं हा समोर दिसणारा सरळ मार्ग असतो. मला तो उपदेश अर्धवट वाटतो. बाहेर ठेवलेलं नाव कोणत्या ऑब्जेक्टवर जाऊन बसतं आणि तिथं आधी कोण आहे, हे शिकवलं पाहिजे.

पहिली दुरुस्ती सोपी होती. व्हारच्या जागी लेट लिहिलं. लेट आणि कॉन्स्ट २०१५ च्या आवृत्तीत आले. सगळ्यांच्या बाहेर लिहिलं तरी ते ग्लोबल ऑब्जेक्टवर गुणधर्म म्हणून बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा असते, आणि नाव शोधताना ती जागा आधी पाहिली जाते. यादी लगेच सुधारली. तळाच्या बेरजाही बरोबर आल्या. मामांनी यादी आणि रंग शेजारी ठेवून पडताळलं आणि मान हलवली.

मग लेबलं छापली, तर सगळ्या लेबलांवर रिजेक्ट.

हा उलटा धक्का मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग वाटतो. लेबलाच्या फाइलमध्ये तिनं ‘इफ (विंडो.स्टेटस)’ असं लिहिलं होतं, कारण बाहेरचे व्हार विंडोवर जातात एवढं तिला माहीत होतं, आणि तसं लिहिल्यानं हे दुसऱ्या फाइलचं आहे हे वाचणाऱ्याला कळतं असा तिचा विचार होता. व्हार होता तोवर दोन्ही फाइली एकाच गुणधर्माकडे बघत होत्या. चूक होती, पण एकसारखी होती. लेट केल्यावर तपासणीचा स्टेटस वेगळ्या जागी गेला आणि विंडो.स्टेटस कुणी हातच न लावलेला, म्हणजे रिकामी स्ट्रिंग राहिला. रिकामी स्ट्रिंग खोटी. म्हणून सगळं रिजेक्ट. एका नावाच्या दोन जागा असू शकतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण मला मुद्दाम रचूनही सुचलं नसतं.

विंडो हा शब्द काढून नुसतं स्टेटस लिहिलं असतं तर लेबलं चालली असती, कारण बाहेरचा लेट एकाच पानावरच्या सगळ्या साध्या स्क्रिप्टना दिसतो. पण तिथं थांबणं मला बरोबर वाटलं नाही, आणि तिलाही नाही. लेबलं पाळीच्या शेवटी एकदम छापली जातात. तोवर तपासणी शेवटच्या कास्टिंगपर्यंत गेलेली असते. पानावर एकच स्टेटस असेल तर शेवटच्या कास्टिंगचा जो निकाल, तोच सगळ्या लेबलांवर. हा दोष पहिल्या दोषाखाली झाकलेला होता; सगळंच पास येत असल्यामुळं कुणाला दिसला नव्हता. निकाल हा त्या त्या कास्टिंगचा असतो, पानाचा नसतो. म्हणून तपासणी फंक्शननं निकाल परत द्यावा आणि तो त्या कास्टिंगच्या नोंदीतच साठवावा, असं ठरलं. लेबलाची फाइल आता नोंद वाचते. पास कसं ठरलं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

एवढं झाल्यावर इन्स्पेक्टरपैकी एकानं आपली जुनी तक्रार पुढं केली. “सर, ते नावाचं पण बघा की. रिफ्रेश मारलं तरी पहिल्या पाळीचंच नाव येतंय.” पान उघडताना इन्स्पेक्टरचं नाव विचारतं. दुसऱ्या पाळीत पान नव्यानं लोड केलं तरी ते विचारत नव्हतं, आणि दुपारनंतरच्या नोंदी सकाळच्या माणसाच्या नावावर चढत होत्या. टॅब बंद करून नवा उघडला की नाव विचारतं, हे त्यांनी अनुभवानं शोधून काढलं होतं आणि तसंच काम चालवलं होतं. काही ओळींत तर इन्स्पेक्टरच्या रकान्यात ‘नल’ लिहिलेलं होतं.

कोड असा:

व्हार नेम;
इफ (!नेम) नेम = प्रॉम्प्ट("तपासणाऱ्याचं नाव?");

आता हे वाचता येतं. विंडोवर नेम आधीपासून आहे. तो त्या टॅबचं नाव साठवण्यासाठी आहे, म्हणजे लिंक कोणत्या खिडकीत उघडायची हे सांगता यावं म्हणून. तोही स्ट्रिंग. त्याची खासियत अशी, की तो पानाचा नसून टॅबचा असल्यामुळं रिफ्रेश केलं तरी टिकतो. ‘व्हार नेम;’ या ओळीत काही मूल्य दिलेलं नाही, त्यामुळं जुनं मूल्य पुसलंही जात नाही. टॅब जिवंत, तोवर सकाळचं नाव जिवंत. आणि प्रॉम्प्टवर (नाव विचारणाऱ्या चौकटीवर) कुणी कॅन्सल दाबलं की नल हे मूल्य परत येतं, सेटर त्याची ‘नल’ स्ट्रिंग करतो, आणि ती भरलेली स्ट्रिंग असल्यामुळं पान पुन्हा नाव विचारत नाही.

नोंद कोणी केली हे क्वालिटीच्या कामात किरकोळ नाही. गिऱ्हाइकाची तक्रार आली की पहिला प्रश्न तोच असतो, आणि उत्तरात चुकीच्या माणसाचं नाव निघणं हा त्या माणसावर अन्याय आहे. म्हणून मी ही चूक स्टेटसच्या खालची मानत नाही.

एकेक नाव बदलत बसण्यापेक्षा पूर्ण स्क्रिप्टच मॉड्यूल करावी, असं आम्ही ठरवलं. स्क्रिप्टच्या टॅगला टाइप मॉड्यूल दिला की आतली बाहेरच्या पातळीवरची नावं, व्हार असोत, लेट असोत की फंक्शन, त्या फाइलपुरतीच राहतात. ग्लोबल ऑब्जेक्टवर काही जात नाही. दुसऱ्या फाइलला हवं ते एक्स्पोर्ट करायचं आणि तिनं इम्पोर्ट करायचं. कोणती फाइल कुणाकडून काय घेते, हे पहिल्या चार ओळींत लिहिलेलं दिसतं.

पण असं करताना तीन ठिकाणी अडलं, आणि लहान कारखान्यांतल्या पानांना हेच तिन्ही अडथळे येतात, म्हणून सांगतो.

पहिला अडथळा: पान डबल क्लिक करून उघडत होते, म्हणजे पत्ता फाइलचा. क्रोम अशा पानात मॉड्यूल फाइली लोडच करत नाही. सुरक्षेच्या नियमात ते बसत नाही आणि कन्सोलला लाल ओळ येते. त्याच संगणकावर नोडचा एक छोटा सर्व्हर बसवला आणि पान लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच संगणकावरच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून, उघडायला लागले. ज्यांना सर्व्हर नको असेल त्यांनी सगळा कोड एका फंक्शनमध्ये घालून ते लगेच चालवावं. मॉड्यूल येण्याआधी वर्षानुवर्षं हीच पद्धत होती आणि ती आजही तितकीच पक्की आहे. दुसरा अडथळा: बटणं चालेनात. एचटीएमएलमध्ये ऑनक्लिकला फंक्शनचं नाव लिहिलेलं होतं, आणि ऑनक्लिकमधलं नाव शेवटी ग्लोबल ऑब्जेक्टवर शोधलं जातं. मॉड्यूलमधलं फंक्शन आता तिथं नव्हतं. कोडमधूनच बटणाला फंक्शन जोडणाऱ्या ॲडइव्हेंटलिसनरनं ती बटणं जोडून घेतली.

तिसरा अडथळा म्हणजे खरं तर मदतच होती. मॉड्यूल नेहमी स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांनी, चालतं. स्ट्रिक्ट मोड २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, पण साध्या स्क्रिप्टमध्ये तो मागावा लागतो. मॉड्यूल केल्याबरोबर वजनाच्या बेरजेच्या फंक्शनमध्ये ‘टोटल’ हे नाव घोषित नाही अशी एरर आली. तिथं कुठलाही शब्द न लावता ‘टोटल = ०’ लिहिलं गेलं होतं. साध्या मोडमध्ये अशा ओळीनं ग्लोबल ऑब्जेक्टवर गुपचूप नवा गुणधर्म तयार होतो. बॉक्सच्या वजनाच्या फंक्शनमध्येही तसंच टोटल होतं. दोन फंक्शन्स एकाच टोटलवर लिहीत होती. एक दुसऱ्याच्या मधे कधी बोलावलं जात नव्हतं म्हणून आकडे चुकले नव्हते, एवढंच.

हे आधी पकडता आलं असतं का, असं कारखान्याच्या मालकांनी विचारलं. ईएसलिंटसारखं तपासनीस साधन अघोषित टोटल नक्की पकडतं. पण स्टेटस आणि नेमच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. ब्राउझरसाठीचा कोड असं सांगितलं की ही नावं त्याला आधीपासून ओळखीची असतात. घोषणा विसरली तरी तो गप्प बसतो. बंदी घालायच्या ग्लोबल नावांची यादी त्याला वेगळी द्यावी लागते, तसा नियम त्यात आहे. ती आम्ही दिली. शिवाय नवं नाव ठरवताना रिकाम्या टॅबच्या कन्सोलमध्ये ‘ते नाव इन विंडो’ असं विचारून बघायची सवय तिनं लावून घेतली आहे. उत्तर ट्रू आलं तर ते नाव आधीच कुणाचं तरी आहे.

नावांची ही टक्कर आपल्यासारख्यांनाच होते असंही नाही. ब्राउझरमध्ये विंडो, वर्करमध्ये (पानामागं वेगळ्या चालणाऱ्या कोडमध्ये) सेल्फ, नोडमध्ये ग्लोबल, अशी एकाच वस्तूची ठिकाणागणिक वेगळी नावं होती. सगळीकडे चालेल असं एक नाव द्यायचं ठरलं तेव्हा ‘ग्लोबल’ हेच सुचवलं गेलं होतं. पण ते नाव ब्राउझरमध्ये आणल्यावर चालू असलेल्या काही साइट मोडल्या, कारण ग्लोबल नावाचं काही आहे का हे बघून त्या आपण नोडमध्ये आहोत की नाही ते ठरवत होत्या. शेवटी २०२० च्या आवृत्तीत ‘ग्लोबलधिस’ हे नाव आलं.

नोडमध्ये चाचणी बरोबर आली होती, त्या गोष्टीकडे परत जायला हवं, कारण मुलीला तीच सर्वांत जास्त खुपत होती. तिची चाचणी खोटी नव्हती. नोडमधल्या फाइलचा बाहेरचा व्हार त्या फाइलपुरताच असतो, आणि तसा नसता तरी तिथं स्टेटस नावाचा सेटर नाही. म्हणजे चाचणीनं तर्क बरोबर आहे हे सिद्ध केलं, आणि ते खरंच होतं. ब्राउझरमध्ये चुकत होती ती जागा. आता तपासणी फंक्शन फक्त आत आलेल्या गोष्टी वापरतं आणि निकाल परत देतं, बाहेरच्या कशालाही हात लावत नाही. त्यामुळं नोडमधलं उत्तर आणि ब्राउझरमधलं उत्तर वेगळं यायला वावच राहिला नाही.

व्हेरिएबलचं नाव तिनं शेवटी ‘निकाल’ ठेवलं, देवनागरीत. जावास्क्रिप्टला ते चालतं. नावात युनिकोडमधली अक्षरं आणि काना-मात्रा घ्यायला भाषेची परवानगी आहे. विंडोवर मराठी नावाचा गुणधर्म नसल्यामुळं ब्राउझरशी टक्कर टळते. पण दोन फाइलींनी बाहेरच्या पातळीवर निकाल लिहिलं तर त्यांची आपसात टक्कर होईलच, म्हणून मॉड्यूल लागतंच.

हे सगळं चाललेलं असताना मोल्डिंग शॉपच्या पानावर एक नाव सापडलं. साच्याच्या वरच्या बॉक्सचा नंबर ठेवायला तिथं ‘व्हार टॉप’ होतं. विंडोवरचा टॉप हा बदलताच न येणारा गुणधर्म आहे. साध्या मोडमध्ये त्याला काहीही द्या, ते चुपचाप टाकून दिलं जातं आणि टॉपमध्ये सगळ्यात बाहेरची खिडकीच राहते. व्हारचं लेट केलं तर इथं तोही उपाय चालत नाही. अशा गुणधर्माच्या नावाचा बाहेरचा लेट म्हणजे सिंटॅक्स एरर, आणि पूर्ण स्क्रिप्टच चालत नाही. ते पान अजून डबल क्लिकनं उघडतात, त्यामुळं तूर्त नाव बदलून ‘वरचा_बॉक्स’ केलंय आणि कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळलाय. तिथल्या संगणकावर सर्व्हर बसला की तेही मॉड्यूल होईल.